पाठच्या बहिणी

सीगा मावशीचा ताप चौथ्या दिवशी उतरला.
तिने बाजरी कांडली, शेजारणीशी भांडली,
आणि अकराव्या दिवशी ताप उलटला.
मलेरियाच, म्हणाला औषधांच्या दुकानातला पोरगा,
तिसऱ्यांदा त्याच गोळ्या.

उंदराचं बीळ तिच्या खाटेखाली उघडतं.
बिळात गोचीड, मऊ पाठीची, मातकट,
रात्री वर येते, अर्ध्या तासात जेवून परत.
पाहुणी म्हणावी तर पाणीसुद्धा मागत नाही.

तिच्या रक्ताचा थेंब मी स्वतः काचेवर पसरला.
लाल पेशींच्या गर्दीतून
एक बारीक मळसूत्र चाललं होतं,
कुणी न फिरवता फिरत.

आता डाकारला, तिसऱ्या मजल्यावर,
पडद्यावर त्याचंच बाड उघडून बसले आहे.
नुसते झगे. घड्या घालून ठेवलेले,
आणि टोकाशी एकच खुंटी.
खुंटीवरचा तेवढा अंगावर, बाकीचे अंधारात.
मावशीचं रक्त त्या झग्याला ओळखायला शिकतं,
दिसेल त्याला मारतं, घाम फुटतो, ताप उतरतो,
ती बाजरी कांडायला बसते.
तोवर हजारांतल्या एकाने
खुंटीवर दुसरा टांगलेला असतो.

माझं काम झग्यांची घराणी लावायचं.
थोरले एकीकडे, धाकटे एकीकडे,
थोरल्यांत पुन्हा चार शाखा.
दोन दोन शेजारी ठेवायचे, अक्षराखाली अक्षर,
आणि मोजायचं.
संगणक माझ्याकडे उंबरठा मागतो :
किती सारखं म्हणजे सख्खं?
मी सत्तर टक्के लिहिते. चहा पिते. पासष्ट करते.
पाच टक्क्यांत अकरा चुलत भावंडं घरात येतात.

आन्सू जात्ता पलीकडच्या टेबलावरून हसतो.
तो जोला, मी सेरेर,
म्हणजे थट्टा करायचा त्याला पिढीजात हक्क.
“तुम्ही सेरेर मोजताच कशाला? सगळा भात तुमचाच ना!”
मी म्हणते, गुलामांनी बोलू नये.
आमच्याकडे सांगतात, दोघी बहिणी एका होडीत होत्या,
वादळात होडी मधोमध फुटली.
एक अर्धं दक्षिणेला लागलं, त्यातून हे.
एक उत्तरेला, त्यातून आम्ही.
“तुमच्या अर्ध्याला भोक होतं,” आन्सू म्हणतो.

झग्यांचंही असंच झालं असणार.
कधीतरी नक्कल करताना हात घसरला,
एकाच्या दोघी झाल्या,
मग एकमेकींपासून लांब, आपापल्या चुका करत
दोघी म्हाताऱ्या होत गेल्या.
काहींना सुरुवात उरलेली नाही, काहींना शेवट.
त्या कधीच खुंटीवर चढणार नाहीत.
तरी चिंधी म्हणून टाकताही येत नाहीत,
कारण अडीनडीला त्यांच्यातलाच तुकडा कापून
चालू झग्याला ठिगळ लावलेलं मी पाहिलं आहे.

आणि एक आहे, सव्वातीनशे अक्षरांची,
जी कुणाशीच जुळत नाही.
उंबरठा तीसवर आणला, पंचवीसवर आणला.
पंचविसात सगळंच सगळ्यांसारखं दिसायला लागतं.
तक्त्यात तिच्यापुढे रिकामा चौकोन.
रात्री घरी जाताना तो चौकोन
बसच्या काचेत माझ्याबरोबर आला.

शनिवारी गावी गेले. बिळात सिमेंट ओतलं.
मावशीला खऱ्या औषधाने उतार पडला होता,
गाल बसलेले, जीभ मात्र जाग्यावर.
“मला चावलं ते कुठल्या घरचं, कळलं का?”
सगळ्यांची लागली, मावशी. एकीचं आडनाव सापडत नाही.

तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं पाहुण्याला नुसतं नाव विचारून गप्प बसणाऱ्याकडे पाहतात.
“आडनाव बापाचं गं. गोत आईकडून लागतं.
ती राहते कुठे, तिच्या उजव्या-डाव्या हाताला कोण,
ते विचारलंस?”

नव्हतं विचारलं.
मी तिची अक्षरं मोजली होती,
शेजार पाहिला नव्हता.

सिमेंट अजून ओलं होतं.
त्यावर उंदराची पावलं उमटली होती,
बाहेरून आत जाणारी.